आडनावांची जोडी जुळवताना

मी लग्नपत्रिका जुळवते. मजकूर घ्यायचा, अक्षरं बसवायची, प्रूफ दाखवायचं, दुरुस्त्या करायच्या, हे माझं रोजचं काम. त्यामुळे दोन घरांची आडनावं एकमेकांशेजारी पहिल्यांदा बसतात ती बहुतेक वेळा माझ्याच पडद्यावर. तोवर कुंडली जुळलेली असते, छत्तीसपैकी किती गुण आले ते घरातल्या सगळ्यांना पाठ असतं, हॉल ठरलेला असतो. फक्त ही दोन आडनावं एका दमात म्हटली तर कशी ऐकू येतात, ते कुणी ऐकलेलं नसतं. मग लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात झेंडूच्या अक्षरांत ‘फाटक – मोडक’ लागतं आणि अर्धं वऱ्हाड आत जायचं सोडून फोटो काढत उभं राहतं.

हसू येणारच. येऊ द्यावं. मला या जोड्या फार आवडतात, चांगली जोडी समोर आली की माझा दिवस मजेत जातो. पण त्याच आडनावांचा पुढे आधार कार्डावर, पासपोर्टवर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर प्रश्न येतो, आणि तिथे नाव आयुष्यभर वागवायचं असतं. म्हणून हसण्याचा भाग आणि ठरवण्याचा भाग वेगळे ठेवावेत, आणि दोन्ही वेळेत करावेत. कसे, ते सांगते.

आधी मोठ्यानं वाचा

एका कागदावर दोन्ही आडनावं लिहा. एकदा मुलाचं आधी, एकदा मुलीचं आधी. मध्ये रेघ देऊन आणि रेघ न देता. मग ती मोठ्यानं वाचा. आधी सावकाश, नंतर निवेदक माईकवर वाचतो तशी भरभर. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानाला लगेच कळतं.

‘घरत – आगलावे’ हे कागदावर अगदी साधं दिसतं. भरभर म्हणा. घरत आणि घरात यांत एका कान्याचा फरक, आणि माईकवर तो कान कुठे धरणार! घरात आग लावे. उलटं करून ‘आगलावे – घरत’ केलंत तरी अर्थ तोच राहतो. म्हणजे या जोडीत क्रम बदलून उपयोग नाही.

‘झोपे – मोडक’मध्ये मात्र उपयोग आहे. असं म्हटलं की झोपमोड होते. ‘मोडक – झोपे’ म्हटलं की काहीच होत नाही, दोन साधी आडनावं उरतात. ‘पोटे – भरणे’चंही तसंच. भरणे आधी घेतलं की विनोद पातळ होतो. आणि फाटक – मोडक? सुलट वाचलं तर फाटकं-मोडकं, उलट वाचलं तर मोडकं फाटक. दोन्ही बाजूंनी पक्कं. अशी जोडी मिळाली तर क्रमाच्या खटपटीत पडू नका, तिचा आनंद घ्या.

वाचताना अजून एक माणूस समोर बसवा, शक्यतो घरातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. मोठी माणसं संकोचानं बोलत नाहीत. या वयाची पोरं दोन सेकंदांत सांगतात.

जोडी कुठल्या जातकुळीची आहे ते ओळखा

सगळ्या जोड्यांचं हसू सारखं नसतं. कुठलं आहे ते कळलं की पुढचं सोपं जातं.

सगळ्यांत जास्त भेटतात त्या विरुद्ध अर्थाच्या: काळे – गोरे, खरे – खोटे, उन्हाळे – हिवाळे, कडू – गोडबोले. यांत कुणालाच काही लागत नाही, कारण दोन्ही पारडी सारखी असतात. एक फक्त सांभाळा. काळे – गोरेचा विनोद आडनावावर थांबला पाहिजे. कुणी तो मुलीच्या रंगावर नेला की तो विनोद राहत नाही, आणि आपल्याकडे तो तिथे न्यायला फारसा वेळ लागत नाही. खरे – खोटेमध्ये ‘यांचं खरं की यांचं खोटं’ हा एक विनोद पन्नास पाहुणे पन्नास वेळा करतात. त्याला एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा आणि तेच देत राहा.

मग वैराच्या. वाघ – शेळके, उंदरे – मांजरेकर. इथे मुलगी कुठल्या बाजूची यावर हसू बदलतं. मुलगी वाघांची असेल तर सगळे मुलाकडे बघून हसतात आणि तोही हसतो. मुलगी शेळक्यांची असेल तर तेच हसू तिच्यावर येऊन पडतं, ‘आता वाघाच्या गुहेत चाललीस’ वगैरे. नव्या घरात पहिलं पाऊल टाकणाऱ्या मुलीला हे दहा जणांनी दहा वेळा ऐकवणं मला बरं वाटत नाही. मुलाकडच्या एखाद्या आत्यानं किंवा मामानं मध्ये पडून विषय उलटा करावा: आमचा वाघ आता माणसाळेल बरं का.

आकड्यांच्या जोड्या निखळ असतात. पाचपुते आणि सातपुते एकत्र आले की बेरीज बारा होते. एकबोटे आणि सहस्रबुद्धे आले की एका बोटावर हजार बुद्धी. अष्टपुत्रे आडनावाच्या घरात मुलगी जात असेल, तर ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद तिला शब्दशः मिळतो, आणि गुरुजींनी तो म्हटला की मांडवात हमखास खसखस पिकते.

माझ्या सगळ्यांत आवडीच्या म्हणजे म्हणी घेऊन येणाऱ्या जोड्या. नाचणे आणि आंगणे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण दोन घरांत वाटून घेतलेली. चोरगे आणि चांदणे: चोराच्या मनात चांदणं. आणि दाते – फुटाणे! दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, हे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो आणि एका लग्नानं ते खोडून काढलं. अशी जोडी असेल तर ती लपवू नका. म्हण सगळ्यांना येते, त्यामुळे ऐकणारा स्वतःच ती पुरी करतो, आणि हसण्यात दोन्हीकडची माणसं एकदम सामील होतात. अनोळखी दोन घरं एकमेकांशी मोकळी व्हायला याहून चांगला रस्ता मी पाहिलेला नाही.

भाजीपाल्याच्या जोड्या (भोपळे – गाजरे, दोडके – पडवळ) लिहून सोडून देते. गोड आहेत, त्रास देत नाहीत.

सारख्याच आडनावांचं काय? जोशी – जोशी, पाटील – पाटील. तिथे हसू थोडं आणि घोटाळा फार. एकाच दिवशी शेजारच्या हॉलमध्येही पाटील – पाटील असलं की पाहुणे चुकीच्या पंगतीत बसतात. फलकावर आणि पत्रिकेच्या पाकिटावर आडनावाबरोबर गाव लिहा, किंवा सरळ वधूवरांची नावं मोठी घ्या. आणि जोडआडनाव करायचं मनात असेल तर इथे विषय आपोआप संपतो. 1886 साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेतलेल्या आनंदीबाई माहेरीही जोशी आणि सासरीही जोशीच.

एक गोष्ट मी स्वतः पाळते. आडनावाच्या आवाजावर, अर्थावर, म्हणीवर हसायला माझी ना नाही. पण आपल्याकडे आडनाव ऐकलं की लोक जात शोधतात. विनोद त्या दिशेनं वळतोय असं वाटलं तर मी तो तिथेच तोडते, ग्राहक असला तरी. व्यंगाचंही तेच. आंधळे आणि डोळे ही आडनावं एका फलकावर आली तर म्हण सगळ्यांना सुचते, पण ती फलकावर आणू नये. कुणाच्या तरी घरात खरंच न दिसणारं माणूस असतं आणि ते त्या दारातून आत येणार असतं.

पत्रिकेत आणि फलकावर

आता माझ्या हातातलं काम.

पहिलं, ‘यांची’ हा शब्द वापरा. मराठीत आडनावाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं आणि अर्थ उघडा पडतो. ‘खोट्यांची कन्या’, ‘गाढव्यांची सून’, ‘रड्यांचे चिरंजीव’ असं छापलं की वाचणारा अडखळतो. ‘श्री. खोटे यांची कन्या’, ‘श्री. गाढवे यांचे चिरंजीव’ असं लिहिलं की आडनाव आडनावासारखं उभं राहतं. जुन्या पत्रिका काढून बघा, सगळीकडे ‘यांची ज्येष्ठ कन्या’, ‘यांचे कनिष्ठ चिरंजीव’ असंच दिसेल. ते नुसतं आदरार्थी नाही, सोयीचंही आहे.

दुसरं, रेघेकडे लक्ष द्या. सगळा विनोद त्या आडव्या रेघेत असतो. रेघ आली की दोन आडनावांचा एक शब्द होतो. रेघ काढून ‘आणि’ घातलं, आणि दोन्हींपुढे ‘परिवार’ लिहिलं, की घरतांच्या घराला लागलेली आग विझते: ‘घरत परिवार आणि आगलावे परिवार आपले स्वागत करीत आहेत.’ एवढी अक्षरं एका ओळीत मावत नाहीत अशी सजावटवाल्यांची तक्रार असते. मग दोन ओळी करा. वर एक घर, खाली एक घर, मध्ये फुलांची वेल.

तिसरा उपाय म्हणजे फलकावरून आडनावं काढूनच टाकायची आणि वधूवरांची पाळण्यातली नावं मोठ्या अक्षरांत लावायची. आजकाल बरेच जण हेच करतात. मला ते दिसायला आवडतं, पण आजोबांना विचारून करा. त्यांच्या पाहुण्यांना नातवाचं नाव माहीत नसतं, आडनाव माहीत असतं, आणि ती मंडळी दारात उभं राहून हॉल हाच का म्हणून फोन लावत बसतात.

सोशल मीडियावर लग्नासाठी हॅशटॅग करणार असाल तर दुप्पट जपा. तिथे जागाही सोडता येत नाही आणि रेघही देता येत नाही, सगळं एका शब्दात चिकटतं. आधी चिकटवून लिहा, मग वाचा, मग पाठवा.

फाटक – मोडकच्या वेळी मुलीचे वडील माझ्यासमोर बसून म्हणाले होते, आडनावं बारीक करा, दिसली नाहीत तरी चालतील. मुलगी शेजारीच होती. तिनं प्रूफ स्वतःकडे ओढलं, पेन्सिलनं दोन्ही आडनावांभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘मोठी’. आणि खाली मुलांच्या ओळीत, जिथे ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ असतं ना, तिथे तिनं घातलं, ‘फाटक उघडंच आहे, नक्की या’. वडिलांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाले, छापा. मी त्या दोन आडनावांना सोनेरी शाई दिली. निर्णय कुणाचा असायला हवा हे मला तेव्हा नेमकं समोर दिसलं: ज्याला ते नाव घेऊन वावरायचं आहे त्याचा.

पूर्ण नाव तपासा, नुसतं आडनाव नाही

आपल्याकडे नाव तीन खणांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. लग्नानंतर मधला आणि शेवटचा असे दोन खण एकदम बदलू शकतात. म्हणून तपासताना तिन्ही एकत्र म्हणा.

पहिलं नाव आणि नवीन आडनाव भांडतायत का बघा. गौरी आणि काळे. दीपा आणि अंधारे. स्मिता आणि रडे. शीतल आणि आगलावे. उलट काही इतकी जमतात की मुद्दाम ठेवल्यासारखी वाटतात: वर्षा आणि ढगे, ज्योती आणि दिवे.

मग आद्याक्षरं. ही कुणी पाहत नाही आणि दाराच्या पाटीवर नेमकी तीच येतात. मानसीचं लग्न रमेश कुटे यांच्याशी झालं की पाटी होते ‘मा. र. कुटे’. पाटी करायला टाकण्याआधी एकदा लिहून बघितलं तर ‘मानसी कुटे’ एवढंच घालता येतं.

आणि रोमन लिपी. परदेशी जाणार असाल, किंवा परदेशी लोकांबरोबर काम असेल, तर ही पायरी गाळू नका. आपल्या ‘ए’कारान्त आडनावांचा शेवटचा स्वर तिकडे गिळला जातो. मोरे होतात मोअर, दाते होतात डेट, साने होतात सेन, गोरे होतात गोअर. मोरे आणि दाते जोडून लिहिलंत तर विमानतळावर तुम्हाला ‘मोअर डेट’ म्हणून हाक मारतील. मराठीत ज्या जोडीत काहीच नव्हतं, तिथे रोमनमध्ये विनोद निघतो, आणि काही वेळा मराठीतला विनोद तिथे हरवतो.

काही ठिकाणी अजूनही लग्नात मुलीचं पहिलं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितात. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघींचं माहेरचं नाव यमुनाच होतं. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता विचारा. तिला हवं असेल तर ताट मांडा, नको असेल तर त्या तांदळांच्या अक्षता करा.

जोडायचं ठरलं तर कसं जोडायचं

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा घ्या किंवा 1955 चा हिंदू विवाह कायदा, दोन्हींत तशी सक्ती नाही. माहेरचं ठेवता येतं, सासरचं घेता येतं, दोन्ही जोडता येतात. नवऱ्यालाही बायकोचं आडनाव जोडून घेता येतं, आणि तसं करणाऱ्याचं कौतुक करावं.

जोडायचं असेल तर चांगल्या जोड्यांची चाल ऐका. शास्त्रीय संगीताच्या मैफिलीत निवेदक नाव घेतो, अश्विनी भिडे-देशपांडे. आरती अंकलीकर-टिकेकर. श्रुती सडोलीकर-काटकर. तिन्ही नावं म्हणून बघा, कुठेही ठेच लागत नाही. भिडे-देशपांडेत छोटं आडनाव आधी आणि लांब नंतर, म्हणून जीभ चढत जाते आणि शेवटी टेकते. उरलेल्या दोन्हींत दोन्ही आडनावं ‘कर’वर संपतात, म्हणून यमक जुळतं आणि लक्षात राहतं. अभिनेत्री मृणाल देव-कुलकर्णी, तिथेही छोटं आधी. यातल्या सगळ्यांचं माहेरचं नाव आधी आणि सासरचं नंतर आहे, तीच आपल्याकडची रुळलेली रीत. पण रीतच ती. तुमच्या जोडीत उलटा क्रम कानाला गोड लागत असेल, किंवा त्यानं झोपमोड टळत असेल, तर खुशाल उलटा घ्या.

दोन्ही लांब असतील तर जरा थांबा. सहस्रबुद्धे आणि चिपळूणकर जोडून घ्यायचं म्हणजे सही करताना हात दुखतो आणि फॉर्मचे चौकोन संपतात. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळीत नावासाठी 39 जागा असतात, त्यात आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव सगळं बसवायचं. बसलं नाही तर शेवटची अक्षरं कापली जातात. अशा वेळी रोजच्या वापरात दोन्ही लावा आणि कागदोपत्री एकच ठेवा. नाटकाच्या, गाण्याच्या, लेखनाच्या क्षेत्रातल्या अनेक जणी असंच करतात.

ज्यांना आडनावानं शाळेत छळलं, त्यांच्याबद्दल थोडं. गाढवे, डुकरे, ढेकणे, कानफाडे ही आडनावं घेऊन वाढलेली मुलं-मुली माझ्यासमोर बसतात तेव्हा पत्रिकेवर आडनाव सांगताना आवाज खाली जातो. अशा मुलीला लग्नाच्या निमित्तानं आडनाव सोडायचं असेल तर तिला ‘माहेर विसरलीस’ म्हणू नका. आणि असं आडनाव सासरचं असेल व सुनेला ते नको असेल, तर त्यात घराण्याचा अपमान नाही. उलट कुणी ते ताठ मानेनं ठेवत असेल तर त्यालाही बदलायचा सल्ला देऊ नका. गावावरून, कामावरून, एखाद्या प्रसंगावरून पडलेली ही नावं, आज जो अर्थ ऐकू येतो तो सुरुवातीला असेलच असं नाही. पावसकरांना सगळे पावसावरून चिडवतात, पण ते रत्नागिरीजवळच्या पावस गावचे.

कागदपत्रांचा क्रम

हा भाग रुक्ष आहे, पण इथे चुकलं की वर्षभर खेटे घालावे लागतात.

नाव पक्कं होईपर्यंत कुठलाच अर्ज करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आज हौसेनं जोडलं, वर्षानं काढलं, की संपलं. त्यामुळे आधी सहा महिने नवं नाव घरात, मित्रांत, दाराच्या पाटीवर वापरून बघा. जमलं तर मग अर्ज.

विवाहनोंदणी आधी करून घ्या. महाराष्ट्रात ती 1998 च्या कायद्याखाली होते, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी ते प्रमाणपत्र मागतात. नुसतं नवऱ्याचं आडनाव घ्यायचं असेल तर बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर काम भागतं. जोडआडनाव करायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या पानाची प्रत हातात असली की ‘हे नाव कुठून आलं’ हा प्रश्न संपतो. मग आधार, त्यानंतर पॅन, मग बँक, मग पासपोर्ट. आधार आणि पॅनवरचं नाव जुळलं पाहिजे, म्हणून ते दोन लागोपाठ करा.

रेघेचं इथेही बघा. अनेक ऑनलाइन फॉर्म नावात फक्त अक्षरं आणि मोकळी जागा घेतात, रेघ घेतच नाहीत. पासपोर्टच्या त्या यंत्रवाचनीय ओळीतही रेघ राहत नाही, तिच्या जागी ‘<’ हे भरणीचं चिन्ह येतं. विमानाच्या तिकिटावरही ती बहुधा गळते. म्हणून कागदोपत्री रेघेऐवजी मोकळी जागा धरा आणि सगळीकडे तंतोतंत तेच लिहा. एका ठिकाणी रेघ, दुसऱ्या ठिकाणी जागा, तिसऱ्या ठिकाणी दोन्ही चिकटलेली, असं झालं की एकाच बाईची तीन माणसं होतात. पदवीची प्रमाणपत्रं जुन्या नावावर असतात ती तशीच राहू द्या. नोकरीच्या मुलाखतीला त्यांच्याबरोबर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत न्या.

मुलांचं नावही याच बैठकीत बोलून घ्या. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रातल्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमानं लिहिलं जातं. म्हणजे तीन खणांचे आता चार झाले. त्यात जोडआडनाव घातलंत तर पाच. पहिलीतल्या पोराला वहीवर स्वतःचं नाव लिहायचं असतं, हे आठवून ठरवा.

उखाणा

आणि आता ज्याची मी वाट बघत होते ते. आडनावांची जोडी मजेदार असेल तर ती लोकांच्या तोंडी जाण्याआधी वधूवरांनी स्वतः उखाण्यात घ्यावी. एकदा तुम्हीच सगळ्यांसमोर हसवलंत की मग दुसऱ्या कुणाचा विनोद उरत नाही.

बांधणी सोपी आहे. पहिल्या ओळीत दोन्ही आडनावं आणा, दुसऱ्या ओळीत नाव घ्या आणि यमक जुळवा. आडनावाला इथे प्रत्यय लावायलाच हवा, पत्रिकेत टाळलेली सगळी रूपं उखाण्यात कामाला येतात. उन्हाळे – हिवाळे यांच्यासाठी मी हा करून दिला होता:

उन्हाळ्यांची लाडकी लेक, हिवाळ्यांची झाले सून,
अमुकरावांचं नाव घेते, पावसाळ्याची वाट पाहून.

दात्यांच्या मुलीसाठी हा:

दात आणले माहेराहून, फुटाणे होते सासरी,
अमुकरावांचं नाव घेते, आता चिंता नाही दुसरी.

मुलग्यांनीही घ्यावा. कडूंच्या मुलाला हा दिला, आणि त्याचा केक खरंच समोर होता:

कडूंच्या घरी आली गोडबोल्यांची लेक,
अमुकीचं नाव घेतो, चला, कापू या केक.

करताना हसू दोन्ही घरांवर सारखं वाटा. सासरच्या आडनावावर टोला आणि माहेरचं कौतुक, असं झालं की पुढचे चार दिवस स्वयंपाकघरात त्याची चर्चा होते. ‘मी’पासून सुरुवात केली, स्वतःच्या आडनावाला आधी हात घातला, की समोरचं घर खुशीत ऐकतं.

कधी घ्यायचा तेही बघा. घास भरवताना गोंगाट असतो, फोटोवाला मध्ये उभा असतो, आडनावाची गंमत कुणाला ऐकूच जात नाही. सत्यनारायणाच्या पूजेला, नाहीतर माप ओलांडण्याआधी उंबरठ्यावर नणंदा वाट अडवून उभ्या असतात तेव्हा, सगळे शांत आणि कान देऊन असतात. तिथे घ्या. पाठ करून जा, हातातल्या फोनवर बघून वाचू नका. पहिल्या ओळीनंतर किंचित थांबा, म्हणजे आडनावं कानांत पोचतील, आणि मग नाव घ्या.